येथून पुढे वाट पाहावी

“मी पुढच्या शनिवारी, मोठ्या माणसांशिवाय, डोंगरातल्या तळ्यावर जाऊ का?”

वाक्य दिसायला गरीब आहे. पण ते जेवणाच्या टेबलावर, आईबाबा दोघंही समोर असताना, मान वर करून आणि एका दमात म्हणायचं अशी पैज लागली होती. पैज लावणाऱ्या माझ्या दोन जिवलग मैत्रिणी. एक भोंगा, जिचं गुपित मैदानाच्या पलीकडच्या माणसालाही ऐकू जातं. आणि दुसरी टीपकागद, जी काही बोलत नाही पण सगळं टिपून घेते. अटी टीपकागदने घातल्या. ‘प्लीज’ म्हणायचं नाही. आईला आधी एकटीला गाठून वशिला लावायचा नाही. ‘सगळ्यांचे आईबाबा सोडतात’ हे तर मुळीच नाही, कारण ते वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालंय आणि शिवाय खोटं आहे.

“हिला नाही जमणार,” भोंगा म्हणाली. “विचारेल, पण भाजी वाढताना, तोंडातल्या तोंडात.”

गेल्या वर्षीची मी असते तर तसंच झालं असतं. गेल्या वर्षी मी चौकटीची वही मागितली आणि दुकानदाराने रेघी दिली, तर मी वर्षभर रेघीतच गणितं केली. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत मी भाषण साफ विसरले, आणि घाबरून मनाला येईल ते इतकं भराभर बोलत सुटले की परीक्षकांनी ‘उत्स्फूर्त’ म्हणून बक्षीस दिलं. तेव्हापासून माझ्याकडे आत्मविश्वास आहे. नवा कोरा. अजून लेबलही काढलेलं नाही.

तर मी विचारलं. एका दमात. बाबांचा चमचा आमटीत तसाच उभा राहिला.

आमच्या घरी कुठलंही वाक्य सरळ पोचत नाही, हे इथे सांगायला हवं. बाबा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जाहीर सूचना लिहितात. ‘उद्या सकाळी पाणी कमी दाबाने येईल’ हे तुम्ही कुठल्या जिन्यात वाचलं असेल, तर ते माझ्या बाबांचं लेखन. लोक आपापली पुस्तकं छापतात, बाबांचं साहित्य अख्ख्या शहराच्या भिंतींवर चिकटवलेलं आहे. आणि आई छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे छापायच्या आधी दुसऱ्यांच्या चुका पकडते. एकदा अंगात ताप असताना तिने आधी औषधाच्या बाटलीवरची वेलांटी दुरुस्त केली आणि मग औषध घेतलं.

“मोठी माणसं म्हणजे नक्की कोण, हे स्पष्ट होत नाही,” बाबा म्हणाले.

“‘मोठ्या माणसांशिवाय’चा अर्थ थोर माणसांशिवाय असाही होतो,” आई म्हणाली. “वडीलधाऱ्यांशिवाय म्हण.”

“वडीलधाऱ्यांशिवाय,” मी म्हटलं.

“मग नाही,” आई म्हणाली.

म्हणजे मी स्वतःच माझा प्रश्न दुरुस्त करून घेतला आणि नकार मिळवला! पण नव्या आत्मविश्वासाचा एक गुण असा, की त्याला ‘नाही’ नीटसं ऐकू येत नाही. मी तिथेच बसून राहिले. शेवटी बाबांनी तोंड पुसलं आणि निकाल दिला. “आधी स्थळपाहणी. या रविवारी आपण तिघं जाऊ. तिथली सगळ्यात सोपी वाट घेऊ. तळ्यापर्यंत सुखरूप पोचलो, तर शनिवारी तू मैत्रिणींबरोबर जा. नाही पोचलो, तर हा विषय कायमचा बंद.”

मी मनात उडी मारली. सगळ्यात सोपी वाट! त्या वाटेवरून लोक बाबागाडी ढकलत नेतात असं भोंगाने सांगितलं होतं. यात न पोचण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न मी माझ्या आईवडिलांना ओळखत असूनही विचारला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

बातमी जिन्यातून खाली आमच्या आधी पोचली. तळमजल्यावर गुडघेकाका राहतात. तरुणपणी त्यांनी कुठलासा डोंगर चढताना गुडघा गमावला, असं ते म्हणतात. काकू म्हणतात की तो बसमधून उतरताना गमावला. काहीही असो, डोंगराच्या विषयावर आमच्या इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते एक जाडजूड दोर घेऊन वर आले.

“हा ठेवा.”

“पण काका, ती सपाट वाट आहे,” मी म्हटलं.

“दोर नसला की लागतो,” काका म्हणाले. “असला की लागत नाही. म्हणून न्यायचा.”

मी दोर घेतला. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, चढताना तोंड बंद ठेवा. काकू म्हणाल्या, तोंड उघडं ठेवा, नाहीतर कानात दडे बसतात. शेजारच्या शिंपीणबाईंनी बाबांच्या पँटला गुडघ्यावर जादा कापड लावून दिलं, ‘रांगावं लागलं तर’. बाबांनी कोणाचाच सल्ला मोडला नाही. रविवारी सकाळी त्यांच्या पाठीवर दोर, छत्री, थर्मास, प्रथमोपचाराची पेटी आणि घडीचं स्टूल होतं. बसच्या दारात ते अडकले, तेव्हा कंडक्टरने त्यांना विचारलं, “काका, घर बदलताय का?”

डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं कार्यालय आहे. तिथे वाटांचा नकाशा रंगवलाय. हिरवी वाट, पिवळी वाट, लाल वाट. हिरवीखाली लिहिलंय ‘नवशिक्यांसाठी’. ते वाचून बाबांचा चेहरा पडला. खिडकीच्या काचेपलीकडे एक बाई बसल्या होत्या.

“तीन पिवळे पास द्या,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळ्यात सोपी वाट कोणाची कल्पना होती?

“पिवळीसाठी अनुभवाचा दाखला लागतो,” बाई म्हणाल्या.

“तो कुठे मिळेल?”

“हिरवी पूर्ण केली की.”

“आणि हिरवीसाठी काय लागतं?”

“अनुभव नाही असं सांगावं लागतं. तोंडी.”

बाबा काचेला नाक लावून हळूच काहीतरी पुटपुटले.

“ऐकू येत नाही, मोठ्याने सांगा.”

“मला अनुभव नाही!” बाबा ओरडले, ते मागच्या अख्ख्या रांगेने ऐकलं. त्यांचं ऑफिसात आयुष्य गेलं, पण साहेबांनीसुद्धा जे त्यांच्या तोंडून वदवून घेतलं नव्हतं, ते या बाईंनी काचेआडून वदवलं. बक्षीस म्हणून आमच्या मनगटाला हिरव्या रबरी पट्ट्या मिळाल्या. त्यावर छापलं होतं, ‘नवशीके’.

आईचा चेहरा उजळला. “अहो, यातला ‘शि’ ऱ्हस्व हवा.”

“ताई, मागे रांग आहे.”

“रांगेचा आणि ऱ्हस्वाचा काय संबंध?”

तिला मी ओढून नेलं. बाबांनी शर्टाची बाही मनगटावर ओढून घेतली आणि दिवसभर तो हात खिशातच ठेवला. पण अजून एक दार बाकी होतं. तिथला माणूस सगळ्यांची पादत्राणं तपासत होता. आईच्या पायांकडे बघून त्याने मान हलवली. “या चपलांमध्ये मोडतात.”

“मुळीच मोडत नाहीत,” आई म्हणाली. “कधीच्या वापरतेय.”

“तसं नाही हो. तुमच्या या सँडल. त्या चपलांमध्ये मोडतात. चपला चालत नाहीत.”

“चपला चालत नाहीत, माणसं चालतात.”

तो माणूस बिचारा कपाळाला हात लावून उभा राहिला. शेवटी आईला तिथूनच बूट भाड्याने घ्यावे लागले. ते तिच्या मापाचे नव्हते, पण नाड्या लांबलचक होत्या, म्हणून तिने त्या घोट्याभोवती गुंडाळून घेतल्या. “आणि लक्षात ठेवा,” त्या माणसाने सांगितलं, “दुपारनंतर तळ्याकडची वाट बंद होते. पहिली शिट्टी इशाऱ्याची, दुसरी वाजली की जिथे असाल तिथून मागे फिरायचं.”

हे ऐकून मी लगेच चालायला लागले. माझा शनिवार त्या शिट्टीच्या आत बसवायचा होता.

हिरवी वाट सुंदर आहे. खोटं कशाला बोलू? दोन्ही बाजूंना उंच झाडं, खाली वाळलेल्या पानांचा गालिचा, आणि रुंदी इतकी की दोन हातगाड्या शेजारून जातील. त्या वाटेवर बाबांनी दोर काढला.

“बाबा, नको ना!”

“गुडघेकाकांनी सांगितलंय. दोन माणसांमध्ये अंतर ठेवून बांधायचं. एक पडला तर दुसरा सावरतो.”

“सपाटीवर कोण पडतंय?”

आम्ही पडलो. आई एका झाडाच्या डावीकडून गेली, बाबा उजवीकडून, आणि मधे मी झाडाला टेकून बसले, म्हणजे बसवले गेले. उठून कपडे झटकते आहे तोच मागून किलबिल ऐकू आली. बालवाडीतली पिल्लं सहलीला आली होती, आणि हरवू नयेत म्हणून सगळ्यांनी एक लांब दोरी धरली होती. त्यांच्या बाईंनी आम्हाला बघितलं आणि त्या कौतुकाने म्हणाल्या, “बघा रे मुलांनो, मोठी माणसंसुद्धा दोरी सोडत नाहीत.”

दोन वेण्यांची एक चिमुरडी माझ्याजवळ आली. माझ्या कमरेचा दोर आणि हातातली पट्टी तिने नीट पाहून घेतली.

“तू लहान गट का मोठा गट?”

मी, दहावीला जाणारी, वक्तृत्वातली उत्स्फूर्त! “मोठा,” मी म्हटलं. तिने विश्वास न बसल्यासारखी मान हलवली आणि गेली. मी दोर सोडला आणि बाबांच्या हातात दिला. त्यांनीही मुकाट्याने गुंडाळून घेतला.

मग मात्र आम्ही चांगले चाललो. पाठीवर बाळ बांधलेली एक बाई आमच्या पुढे निघून गेली, तेव्हा बाबा म्हणाले, “तिला उतार आहे.” आम्ही एकाच वाटेने एकाच दिशेला चाललो होतो. आईला झाडांवरच्या पाट्या वाचायला मिळत होत्या, म्हणून तीही खूश होती. वारा गार लागायला लागला, पाण्याचा वास आला. शेवटच्या वळणाआड तळं आहे, हे मला नाकाने कळलं.

आणि त्या वळणाच्या तोंडाशी फलक होता. सरकारी निळा, पांढरी अक्षरं:

‘येथून पुढे वाट पाहावी.’

बाबा थांबले. म्हणजे असे थांबले की त्यांच्या पाठीवरचा थर्मास पुढे येऊन त्यांच्या डोक्याला लागला.

“थांबायचं आहे,” ते म्हणाले.

“कोणासाठी?”

“ते लिहिलेलं नाही. कोणीतरी येईल. वाट दाखवणारा माणूस असणार. पुढे एकट्याने सोडत नसतील.” त्यांनी स्टूल उघडलं आणि फलकाखाली मांडून त्यावर बसले.

मी दोन पावलं पुढे जाऊन वळणापलीकडे डोकावले. वाट तिथे अरुंद होती. दगडी पायऱ्या, त्यांत सुटे दगड, मधेच झाडाची मुळं वर आलेली. “अहो बाबा, वाट बघायची म्हणजे पायाखालची! खाली बघून चाला असं म्हणायचंय त्यांना!”

“मग ‘खाली पाहून चालावे’ असं लिहिलं असतं,” बाबा म्हणाले. “मी तसं लिहिलं असतं. अधिकृत फलकाचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावायचा नसतो. उद्या लोक ‘पाणी येणार नाही’चा अर्थ लावायला लागले तर?”

मी आईकडे वळले. चूक केली. आई फलकासमोर हात मागे बांधून उभी होती, चित्रांच्या प्रदर्शनात उभं राहावं तशी. “किती सुंदर घोटाळा आहे,” ती म्हणाली. “दोन्ही अर्थ बरोबर बसतात. ‘येथून पुढे’ म्हणजे या जागेपासून की या क्षणापासून, तेही उघडं ठेवलंय. हे असं छापून कसं गेलं?”

“आई, तुझं मत काय?”

“संदिग्ध वाक्य पुढे पाठवायचं नसतं, एवढंच माझं मत.”

तेवढ्यात मागून एक नवरा-बायको आले. “काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“वाट पाहायची आहे,” बाबांनी फलक दाखवला. नवऱ्याने वाचलं आणि तो बाबांच्या मागे उभा राहिला. बायको म्हणाली, “अहो, पण...” तो म्हणाला, “हे काका आधीपासून थांबलेत, त्यांना माहीत असणार.” मग हास्यक्लबातले आजोबा आले. ते नवऱ्याच्या मागे उभे राहिले. मग कॅमेरेवाले आले. मग बालवाडी.

तुम्हाला सांगते, माणसाला रांग दिसली की त्याचे पाय आपोआप शेवट शोधतात. मागून येणारे विचारत होते, “कशाची रांग आहे?” आणि पुढचे सांगत होते, “माहीत नाही, पण उभे राहा, नंतर वाढेल.” थोड्या वेळाने मधून बातम्या यायला लागल्या. पुढे होडी आहे आणि ती भरून परत यायचीय. नाही, पुढे कोणी मोठा पाहुणा आलाय, त्याचं दर्शन संपलं की सोडतील. एका आजोबांनी तर शपथेवर सांगितलं की पुढे चहा मिळतो.

बाबा उठले. त्यांनी दोन झाडांना दोर बांधला आणि रांगेला वळण लावलं. “एकेरी, एकेरी! लहान मुलं सावलीत. आजोबा, तुम्ही स्टुलावर बसा.” सकाळपासून खिशात असलेला त्यांचा हात बाहेर आला होता, हिरव्या पट्टीसकट, आणि तोच उंच करून ते सूचना देत होते. लोक त्यांना ‘साहेब’ म्हणायला लागले. इतके खूश बाबा मी मुख्य जलवाहिनी फुटली होती तेव्हाच पाहिले होते.

मला रागही येत होता आणि हसूही येत होतं. झाडांच्या सावल्या सरकत होत्या. शिट्टी कुठल्याही क्षणी वाजली असती आणि अख्खी रांग माझा शनिवार घेऊन मागे फिरली असती. त्यातच ती दोन वेण्यांची चिमुरडी रांग सोडून माझ्याजवळ आली. “आपण कोणाची वाट बघतोय?”

“कोणाचीच नाही,” मी म्हटलं.

“मग?” तिने विचारलं.

बाकीच्यांना हे का सुचलं नव्हतं, देव जाणे. मी बाबांना बाजूला घेतलं. “खरं सांगा. कोणीतरी येणार आहे असं तुम्हाला अजून वाटतंय?”

बाबांनी दोराची गाठ सोडली आणि परत बांधली. ती आधीच घट्ट होती. “पहिल्यांदा वाटलं होतं,” ते म्हणाले. “मग तुझ्यामागून मीही पलीकडे डोकावलो. पायऱ्या बघितल्या.”

“मग इतका वेळ का थांबलो?”

“तळ्याला पोचलो की शनिवार आला ना गं.” हे वाक्य अगदी कमी दाबाने आलं. जेमतेम माझ्यापर्यंत.

माझा नवा कोरा आत्मविश्वास क्षणभर खाली बसला, आजोबांच्या शेजारी. बाबांवर ओरडायची माझी पूर्ण तयारी होती, चांगली चार-पाच वाक्यं घोळून ठेवली होती, आणि आता त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. आईने हे सगळं ऐकलं होतं. ती फलकाकडेच बघत होती, पण तिने माझ्या खांद्यावरचं वाळलेलं पान काढून टाकलं आणि म्हणाली, “दुरुस्ती ज्याला दिसते त्याने करावी. नुसती खूण करून ठेवली की पान तसंच छापलं जातं.”

खाली कुठेतरी, लांब, पहिली शिट्टी वाजली.

रांगेत कुजबुज झाली. माना बाबांकडे वळल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या सुट्या दगडांच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिले, पाय नीट रोवला, आणि वळले.

“आई, बाबा,” मी म्हटलं, आणि माझा आवाज भोंगालाही मागे टाकील असा लागला, त्यामुळे ते शेवटच्या कॅमेरेवाल्यापर्यंत ऐकू गेलं, “मी ठरवलंय. मी पुढे चाललेय, पायाखालची वाट बघत. शनिवारीही जाणार आहे, अशीच बघत. त्या दिवशी तुम्ही दोघांनी घरी बसून माझी वाट बघायची, आणि तेव्हा या वाक्याचे दोन अर्थ काढायचे नाहीत. आज मात्र माझ्या मागून या. आई, तू नाड्या घट्ट बांध. आणि बाबा, तुम्ही सगळ्यात शेवटी या, रांग घेऊन. ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही.”